मन्मथअप्पा आणि दोन हंडे पाणी

लाँच सुरू झाली की मन्मथअप्पा पलीकडच्या काठाकडे बघत नसत. ते मागे वाकत आणि इंजिनाखाली उजवा तळहात धरत. लाँचच्या इंजिनाच्या कुशीत करंगळीही जाणार नाही एवढं एक भोक असतं. चालू इंजिन खालच्या जाळीतून धरणाचं पाणी ओढून घेतं, ते अंगभर फिरवून गार होतं आणि तेच पाणी त्या भोकातून धारेनं बाहेर टाकतं. धार बरी असली की इंजिन बरं. धार बारीक झाली की आत काहीतरी अडलं. अप्पा ती धार तळहातावर घेत, कोमट आहे का कढत आहे ते बघत आणि मगच सुकाणू धरत.

"मुतलं," ते मोठ्यानं सांगत. "चला."

लाँचमध्ये बायका असोत, शाळेचे गुरुजी असोत, अप्पांचा शब्द बदलत नसे. त्यांची बायको काशीअक्का एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "अवो, जरा माणसात बसलाव, दुसरं काय म्हणता येत न्हाई का?" अप्पा म्हणाले, "डाक्टर पेशंटला काय इचारतो? मुताला झालं का, हेच ना? मंग?"

आमचं गाव केज तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आहे. पलीकडे शाळा, पक्की सडक आणि एसटीचा थांबा. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर एकोणीस किलोमीटर, पाण्यातून दीड. गावाची एक लाँच आहे, मागे अडकवायचं इंजिन असलेली. मी गावातलं दूध संकलन केंद्र बघतो. रोज सकाळी सव्वासहाच्या फेरीला कॅन घेऊन पलीकडे जातो, कारण दुधाची गाडी सातला निघते. लाँच किती वाजता सुटली, किती वाजता लागली, हे मी रोज वहीत लिहितो. कुणी सांगितलेलं नाही, सवय आहे. म्हणून सांगू शकतो, की अप्पांच्या नऊ वर्षांत इंजिनापायी माझं दूध फक्त तीन दिवस उशिरा गेलं, आणि अप्पांची फेरी अकरा मिनिटांची होती. दहा नाही, बारा नाही.

अप्पांनी माझं नाव मापाड्या ठेवलं होतं. "काय मापाड्या, किती फॅट लागलं आज?" असं ते रोज विचारत, आणि उत्तर ऐकायला थांबत नसत.

ते मूळचे घाटनांदूरचे. घरचं किराणा दुकान भावाकडे, आणि हे लहानपणापासून डिझेल इंजिनं उघडण्यात. काशीअक्का आमच्या गावची लेक. लाँच आली तेव्हा ती चालवणारे दोघं-तिघं निघाले, पण सांभाळणारा कुणी निघेना. तेव्हा गावानं जावयाला बोलावलं. अप्पा आले ते एका अटीवर. "इंजनाला हात मी एकटाच लावणार. अन् लाँचसाठी गावाच्या आडातलं पाणी लागंल, दोन हंडे." गाव हो म्हणालं. त्या वर्षी आड तुडुंब होता.

हे दोन हंडे नीट समजून घ्यायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं.

संध्याकाळची शेवटची फेरी झाली की अप्पा इंजिन काढून खांद्यावर घेत. अडतीस किलोचं इंजिन आणि एकसष्ट वर्षांचा माणूस. काठ चढून घराच्या मागे आणत आणि लाकडी घोडीला अडकवत. खाली पत्र्याचा एक उभा, अरुंद डबा होता, केजहून मुद्दाम करून आणलेला. त्यात आडाचं गोडं पाणी. पंखा काढून इंजिनाचा पाय त्या पाण्यात सोडत आणि दहा मिनिटं इंजिन चालवत. धरणाचं गढूळ पाणी आतून धुऊन निघे. मग पेट्रोलची नळी काढून टाकत आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबत, म्हणजे आत थेंबही राहू नये. मग रॉकेलचा फडका, मग कोरडा फडका, मग तेलाचा हात, दांड्याला ग्रीस. या वेळी ते गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत पाठीवर टाकत, तेलकट हात लागू नये म्हणून.

"कावून एवढं करता अप्पा? धरणाचं पाणी काय समुद्रावाणी खारं हाय का?" मी एकदा विचारलं होतं.

"खारं न्हाई, पर गाळ हाय ना," ते म्हणाले. "गाळ वला हाय तवर पाणी. एकदा वाळला की वीट. इंजनाच्या पोटात वीट बसली तर तू काढणार का, तुझ्या लॅक्टोमीटरनं?"

बोअरचं पाणी ते चालू देत नसत. बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तो त्यांनी मला नखानं खरवडून दाखवला होता. कुणी तुरटी सुचवली तर त्याच्या अंगावर जात. इंजिनाच्या पायाला पांढऱ्या धातूची एक वडी स्क्रूनं बसवलेली असते, तिच्यावरून ते दर सोमवारी बोट फिरवत. "ही गंज खाती म्हणून इंजन गंजत न्हाई. हिला तेल लावायचं न्हाई, रंग लावायचा न्हाई. हिला उघडं ऱ्हाऊ द्यायचं. उपाशी ठिवली तर गंज इंजन खाणार." खंडेनवमीला लोक अवजारांवर नारळ फोडतात. अप्पा समोर फळी ठेवत आणि म्हणत, "फळीची पूजा करा. माझ्या इंजनावर नारळाच्या पाण्याचा थेंब पडला तर नारळ तुमच्या टाळक्यात फोडीन." ते नुसतं बोलत नसत, एका पुढाऱ्याच्या हातातून त्यांनी नारळ काढून घेतला होता. लोक अप्पांना तापट म्हणत. तापट तर ते होतेच. पण नऊ वर्षांत ते उगाच तापलेले मला आठवत नाहीत.

मग तो कोरडा उन्हाळा आला. धरणाचं पाणी इतकं मागे गेलं की काठापासून लाँचपर्यंत चारशे पावलं चिखल. राहिलेलं पाणी हिरवं, जनावरंही तोंड लावेनात. आडाला दिवसातून तासभरच पाणी असे. टँकर सुरू झाला आणि घरटी रोज चाळीस लिटर ठरलं. माझ्या घरात पाच माणसं. माझी बायको टँकरच्या रांगेत उभी असायची आणि तिथून तिला अप्पांचं परसू दिसायचं. डब्यात पाणी, डब्यात इंजिन, आणि इंजिन घरघर करतंय.

"इथं लेकरांना अर्ध्या तांब्यात आंघुळी," ती घरी येऊन म्हणाली, "अन् तिथं इंजनाला डुंबायला पाणी. तुम्ही सगळं मोजता, हे मोजलं का कधी?"

मी मोजलं. दोन हंडे, सतरा-सतरा लिटरचे. चौतीस लिटर. डबा मी रोज संध्याकाळी भरलेला बघत होतो. चौतीस गुणिले तीस. एक हजार वीस.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. टँकरवरून भांडण चालू होतं. सरपंचांना लाँच त्यांच्या पुतण्याच्या, बबनच्या, हातात द्यायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण अप्पांना हलवायला कारण मिळत नव्हतं. ते कारण मी दिलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की लाँचच्या इंजिनाला महिन्याला एक हजार वीस लिटर गोडं पाणी जातं, म्हणजे जवळजवळ एका घराचं पाणी. मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त आकडा सांगितला. आकडा सांगितला की आपण बाजूला राहतो असं मला तेव्हा वाटायचं.

"ऐका," सरपंच म्हणाले. "दत्ता कधी खोटं बोलत न्हाई. हजार लिटर! माणसं मोठी का इंजन मोठं?"

"माणसं!" सगळा पार ओरडला.

अप्पा खालच्या पायरीवर बसले होते. ते उठले आणि फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "मापाड्या, डब्यात हात घालून बघितलंस का?"

मला वाटलं, उत्तर नाही म्हणून फाटे फोडतायत. मी म्हणालो, "अप्पा, डबा रोज भरलेला असतो. मी रोज बघतो."

"रोज बघतोस," ते म्हणाले. "बरं."

त्यांनी खिशातून इंजिनाची किल्ली काढली, पायरीवर ठेवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून लाँच बबनकडे गेली. अप्पांनी तो पत्र्याचा डबा आणि घोडी ठेवून घेतली. बबननं मागितलीही नाही.

बबन वाईट माणूस नाही. हसरा आहे, पोहण्यात पटाईत आहे, लाँच वळवतो सुरेख. पण इंजिन त्याला बैलासारखं वाटायचं, काम झालं की काठाला बांधायचं. त्यानं ते पुन्हा कधी काढून वर आणलं नाही. पाऊस झाला, धरण भरलं, सगळे खूश झाले. पाणी मुबलक झालं तरी इंजिन धुवायची आठवण कुणाला झाली नाही. मलाही नाही. पाणी नाही म्हणून धुणं बंद केलं होतं ना? मग पाणी आल्यावर ते सुरू करा असं म्हणायला गावात एक तोंड नव्हतं. याचा मला आजही संताप येतो, आणि त्या मिटलेल्या तोंडांत माझं तोंड पहिलं होतं.

पोळ्याच्या दिवशी बबननं इंजिन रंगवलं. गावात शिंगं रंगवायचा डबा घरोघर उघडलेला असतो, कुंचला हातात असतो. वरचं झाकण रुपेरी, खाली निळे पट्टे, आणि इंजिनाचा पाय लालभडक, पाण्यात उठून दिसावा म्हणून. जाळीवर लाल रंगाचे दोन हात, वडीवर लाल रंगाचे दोन हात, दांड्याला गोंडा. मग कुंकू. मग सरपंचांनी नारळ फोडला, थेट झाकणावर. इंजिनाचा पोळा म्हणून फोटो साऱ्यांच्या मोबाइलवर फिरला. मी फोटो बघून हसलो आणि पुढे पाठवला.

अप्पा काठावर आले ते वाजंत्री बंद पडल्यावर. पाण्यात गुडघाभर उतरले, इंजिन वर उचललं आणि वडीवरचा रंग नखानं खरवडायला लागले.

"हात लावू नका अप्पा," बबन म्हणाला, "रंग वला हाय."

"रंग वलाच हाय म्हणून लावतोय. जाळी बघ. बुजली बे जाळी! पाणी कुठनं वढंल ते?"

"वढतंय की. लई बारीक बारीक भोकं हायती अजून."

अप्पा सरळ उभे राहिले. त्यांच्या हाताला लाल रंग लागला होता. "तुमी बैलाला रंगवताव," ते म्हणाले, "शिंगं रंगवताव, पाठ रंगवताव. बैलाच्या नाकपुड्या बी बुजवून रंगवताव का बे?"

सगळे हसले. मोठा हशा झाला. सरपंच हसत म्हणाले, "जावईबापू, आता लाँचमधी तुमी बसायचं अन् उतरायचं. बाकीचं आमी बघतो." अप्पा हसणाऱ्या एकेका तोंडाकडे बघत राहिले. त्यांची नजर माझ्यावर आली तेव्हा मी घड्याळात बघितलं.

पुढचे आकडे माझ्या वहीत आहेत. पोळ्याच्या आधी फेरी बारा मिनिटांची झाली होती. पोळ्यानंतर आठवड्यात तेरा. मग चौदा. बबन इंजिन गरम होतंय म्हणून हळू चालवत होता. मी रोज आकडा लिहीत होतो, स्वच्छ अक्षरात, आणि तो आकडा काय सांगतोय हे वाचत नव्हतो.

पोळ्यानंतर विसाव्या दिवशी मी पलीकडून रिकामे कॅन घेऊन परतलो आणि काठावर कॅन उतरवत होतो. सकाळचे साडेनऊ वाजायला आले होते. वरून अप्पा आले. काशीअक्का त्यांच्या दोन्ही हातांवर होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात खाली लोंबत होता. वळशाच्या रस्त्यावरचा नळकांडी पूल दोन दिवसांपूर्वी वाहून गेलेला. पलीकडे जीप बोलावली होती. लाँचशिवाय वाट नव्हती.

नऊ एक्केचाळीसला लाँच सुटली. लाँचमध्ये बबन, अप्पा, अक्का आणि मी. अक्काचं डोकं अप्पांच्या मांडीवर. अप्पांचा एक हात तिच्या कपाळावर होता, आणि नजर मागे.

"धार बारीक हाय," ते म्हणाले.

"येती अप्पा, गरम झाली की येती."

"गरम झाली की येत न्हाई बे. गरम झाली की जाती."

आठ मिनिटं झाली. इंजिनाचा आवाज जड झाला. "मापाड्या," अप्पा म्हणाले, "मला उठता येत न्हाई. धारेखाली हात धर."

मी हात धरला. धार नव्हती. गरम वाफ आली आणि चटका बसला. मी तसं सांगितलं.

"बंद कर," अप्पा म्हणाले. "बबन, इंजन बंद कर. वर उचल. माझ्या खिशात चाकू हाय, जाळी खरवडून मोकळी करा. धा मिनिटं लागतील. मंग जाईल ते."

बबन घाबरला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. "दत्ताभाऊ, किती राहिलं?"

मी हिशोब केला. चौदातून आठ गेले. "सहा मिनिटं," मी म्हणालो. "सहाच मिनिटं राहिलीत. रेट."

अप्पा ओरडले नाहीत. नऊ वर्षं ज्या आवाजात त्यांनी साऱ्या गावाला झापलं होतं तो आवाजच निघाला नाही. हळू म्हणाले, "न्हाई जायचं रे." बबननं रेटलं. तीन मिनिटांनी इंजिनातून किंकाळीसारखा आवाज आला आणि ते जागेवर थांबलं. नऊ बावन्न. सुटल्यापासून अकरा मिनिटं. अप्पांच्या वेळी नऊ बावन्नला आम्ही काठावर असतो.

एक वल्हं होतं आणि एक फळी. वारा समोरून. मी आणि बबन वल्हवत होतो, लाँच मागे जात होती. बबन रडत होता. अप्पा अक्काला सांगत होते, "काशे, डोळे उघडे ठिव. माझ्याकडं बघ. झोपू नको." लाँच लागायला दहा चौतीस झाले. इंजिन थांबल्यापासून बेचाळीस मिनिटं. जाळी खरवडायला दहा लागली असती.

केजला दाखवलं, तिथून अंबाजोगाईला नेलं. अक्का वाचली. वाचा दोन महिन्यांनी आली, उजवा हात-पाय आला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ती बेचाळीस मिनिटं वाचली असती तर हात वाचला असता का? ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. पण या दुखण्यात आम्ही मिनिटं मोजतो." मला खोटं लिहायचं नाही, म्हणून जेवढं ते बोलले तेवढंच लिहितो.

अप्पा पंधरा दिवसांनी गावात आले ते घर आवरायला. घाटनांदूरला भावाकडे राहायचं ठरलं होतं. सरपंच आणि बबन त्यांच्या दारात गेले, इंजिन बघा म्हणून. मला वाटलं अप्पा हाकलून देतील. ते म्हणाले, "आणा."

परसात त्यांनी पोतं अंथरलं आणि इंजिन उघडलं. लोक जमले. पिस्टन चिकटून बसला होता. पाणी फिरायच्या वाटांतून त्यांनी तारेनं वाळलेला गाळ काढला. तुकडे पडत होते, भाजल्यासारखे कडक. सगळे ओंजळीत घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरले.

"मोज."

मी केंद्रातून काटा आणला. दोनशे दहा ग्रॅम भरले.

"आता डब्यात हात घाल."

पत्र्याचा तो डबा कोपऱ्यात पालथा होता. मी सरळ केला आणि हात घातला. आतल्या अंगाला, एकाखाली एक, खिळ्यानं ओढलेल्या चार रेघा होत्या. तळाशी चार पदरी धोतराचं फडकं, दोरीनं बांधलेलं.

"पह्यल्या दिशी दोन हंडे," अप्पा म्हणाले. "रातभर गाळ बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी फडक्यातून गाळून परत डब्यात. चार दीस तेच पाणी. धुताना कमी व्हायचं, म्हणून रेघा. चवथ्या दिशी उरलेलं काशीच्या जास्वंदीला. आता सांग, हिशोबी माणसा. चार दिसाला चौतीस. रोजचं किती?"

"साडेआठ."

"ग्रामसभेत किती सांगितलंस?"

"चौतीस."

मी विचारलं, "अप्पा, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "मी कावून बोलू? तू मोजत व्हतास ना? सारं गाव तुझं ऐकत व्हतं ना? नऊ वर्सं माझ्या परसाला कुंपण न्हाई, दार न्हाई! इस पावलं चालून यायचं व्हतं अन् हात घालून बघायचं व्हतं. तू लांबून बघितलंस, घरी जाऊन गुणाकार केलास, अन् माझ्या तोंडावर मारलास. मी खुलासा द्यायचा? चोर हाय का मी पाण्याचा?"

मग ते परत खाली बसले आणि त्या मेलेल्या इंजिनाचा एकेक भाग रॉकेलनं पुसायला लागले. सरपंच म्हणाले, "अप्पा, आता कशाला? भंगारच ते." अप्पा वर न बघता म्हणाले, "तुमाला भंगार." सगळं पुसून, तेल लावून, पोत्यात बांधून त्यांनी ते बबनच्या हातात दिलं. डबा आणि फडकं माझ्या दारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते घाटनांदूरला गेले.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, की मागच्या वेळी मी सांगितलेला आकडा चुकीचा होता. एक हजार वीस नव्हे, दोनशे पंचावन्न. सरपंच म्हणाले, "झालं गेलं दत्ता. नवं इंजन येतंय. पुढचा विषय घ्या." मी म्हणालो, आधी इतिवृत्तात लिहा. ते म्हणाले, बस खाली. मी बसलो नाही. चाळीस मिनिटं उभा होतो. लोक चिडले, घरी जायचं म्हणाले, एकानं खेकसून विचारलं, "आता त्यानं काय अक्काचा हात परत येणार हाय का?" मी म्हणालो, "नाही येणार. लिहा." शेवटी ग्रामसेवकांनी लिहिलं. झाल्या गेल्याचा असा चटकन निकाल लावणाऱ्यांची मला चीड आहे. त्यांचं काहीच गेलेलं नसतं.

ते सांगायला मी घाटनांदूरला गेलो. अक्का ओसरीवर खुर्चीत बसली होती. मला बघून तिनं डाव्या हातानं माठावरचा तांब्या उचलला. जीभ अजून जड होती, पण शब्द कळत होते.

"पाणी पितूस का दत्ता? का मोजून देऊ?"

मी तिचे पाय धरले. तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. तांब्या मात्र पुढे केला, आणि मी प्यालो.

अप्पा आतून आले. इतिवृत्ताचं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद काय इंजन धुतो का?"

"नवं इंजिन आलंय अप्पा. संध्याकाळी मी धुतो. तुमच्याच डब्यात. चार दिवस तेच पाणी."

"वडी?"

"उघडी हाय."

"धार?"

"चांगली हाय."

"हात लावून सांगतूस का बघून?"

त्या दिवशी सकाळी मी नुसती बघितली होती.

"आज सांजंला कोण धुणार?" त्यांनी विचारलं.

"आज मी इकडे आलोय. उद्या..."

"मंग इथं कशाला बसलास बे?" अप्पा ओरडले. अगदी जुन्या आवाजात ओरडले, शेजारची बाई दारात आली. "गाळ तुझी वाट बघत थांबणार हाय का? तीनची एसटी हाय. ऊठ!"

जेवायचंसुद्धा म्हणाले नाहीत. मी उठलो. साडेसहाला काठावर पोचलो आणि इंजिन काढलं. मला त्यांनी माफ केलं होतं का, हे मी नंतर कधी विचारलं नाही. केलं नसावं. करायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

यंदा माघात, संध्याकाळी पाच चाळीसला, त्यांच्या भावाचा फोन आला. अप्पा गेले. झोपेत, दुपारी. माती सकाळी देणार होते. मी परसात होतो. इंजिन डब्यात चालू होतं, बबन शेजारी फडकं घेऊन उभा होता. "जा भाऊ," तो म्हणाला, "शेवटची जीप गाठा. बंद करतो मी."

मी घड्याळात बघितलं. दहातली चार झाली होती, सहा मिनिटं राहिली होती. मी तळहात धारेखाली धरला आणि सहाच्या सहा मिनिटं तिथेच उभा राहिलो. धार कोमट होती. मग पेट्रोलची नळी काढली, इंजिन आपोआप बंद पडू दिलं, आणि निघालो.